धारणीला गेलेले बाप

गुलनार आली की मी चष्मा नीट करून बसायचे. अकोटच्या त्या दोन खोल्यांच्या वाचनालयात ग्रंथपाल मी होते, पण किशोर विभागाचं कपाट खऱ्या अर्थानं तिच्याच ताब्यात होतं. दहावीतली पोरगी. वडील मुनव्वरभाई रुई पिंजून गाद्या भरायचे, त्यामुळे तिच्या ओढणीला कापसाचा एखादा तंतू नेहमी चिकटलेला असायचा. ती वाचलेलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायची, आणि मी नोंद करेपर्यंत तिचा निकाल देऊन झालेला असायचा.

"या पोरीच्या मागं दोन पोट्टे लागले, अन् हिले वाटते का जगातलं सगळं दुःख हिच्याच वाट्याले आलं."

त्या वर्षांत परदेशातल्या किशोर कादंबऱ्यांचे अनुवाद आमच्याकडे गठ्ठ्यानं यायचे. चकचकीत मुखपृष्ठं, वाऱ्यावर केस उडवणाऱ्या मुली, बुडालेली राज्यं. पोरी त्यांच्यावर तुटून पडायच्या, पण पुस्तक हातात घेण्याआधी गुलनारला विचारायच्या. मला विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. जग बुडालं तरी नायिकेचे केस रोज धुतलेले कसे, हा तिचा एक आक्षेप होता. पोरगी घरी न सांगता आठवडाभर गायब होते आणि परत आल्यावर तिला कुणी साधं विचारतही नाही, हा दुसरा. आपली अम्मी तर दारातच उभी राहिली असती, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. मी एकदा वैतागून म्हटलं की ही पुस्तकं दुसऱ्या देशातल्या मुलांसाठी लिहिलेली असतात. मग आपल्या देशातली द्या, ती म्हणाली. मी दिली. तिनं ती दोन दिवसांत परत आणली आणि सांगितलं की यात सगळेच शेवटी सुधारतात, त्यामुळे झोप येते.

इतकी नावं ठेवायची, पण नवा गठ्ठा आला की दारात पहिली हीच. चिडचिड होते, पण पुढचं कळल्याशिवाय चैन पडत नाही, असं तिनंच कबूल केलं होतं.

तिला तोंडावर उलट बोलणारी एकच होती, तिच्या वर्गातली रागिणी. "पुस्तकातली पोरगी उडून राह्यली तर उडू दे ना तिले," रागिणी म्हणायची, "भांडे घासायले आपण आहोच." मग दोघी वाचनकक्षात उभ्या राहून अशा भांडायच्या की पेपर वाचणारे म्हातारे माझ्याकडे बघायला लागायचे आणि मला दोघींना बाहेर काढावं लागायचं. बाहेर पायरीवर बसून त्या पुन्हा सुरू करायच्या. गुलनारला पुस्तकापेक्षा ते भांडणच जास्त आवडत असावं, असं मला नेहमी वाटायचं.

रागिणीचे वडील भगवंत माळी गावाबाहेर फुलं करायचे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. घर माझ्याच गल्लीत. सणावाराच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगणात गल्लीतल्या बाया हार ओवायला बसायच्या. वाचनालय बंद करून घरी जाताना मीही तिथं टेकायचे. ओवताना हात गुंतलेले असतात, कान मोकळेच असतात. म्हणून गुलनारनं मोठ्यानं वाचायचं आणि वाचणाऱ्याला सुई माफ, अशी पद्धतच पडून गेली होती. बर्फाच्या देशातल्या राजकन्या आमच्या अंगणात झेंडूच्या ढिगाशेजारी येऊन बसायच्या आणि गुलनार मध्येच थांबून त्यांची खरडपट्टी काढायची. बाया हसायच्या. भगवंत कोपऱ्यात फुलांच्या जुड्या बांधत ऐकायचे. कमी बोलणारा माणूस, पण प्रश्न नेमका विचारायचा.

सतरा सालच्या गणपतीआधी तिनं एक पुस्तक लावलं होतं. एका मुलीचे वडील दीपगृहावर दिवा लावायच्या नोकरीला असतात, ते पहिल्याच पानावर मरतात, आणि मुलगी होडी घेऊन समुद्रात निघते. भगवंतांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ती एकटी पोरगी समुद्रात खाते काय, हा त्यांचा प्रश्न. गुलनारनं पानं उलटून पाहिली आणि लेखकानं ते लिहिलंच नाही असं जाहीर केलं. मग त्यांनी दुसरं विचारलं, की या सगळ्या पुस्तकांत बाप आधीच कसा मरतो.

गुलनारचं उत्तर तयार होतं. "काका, बाप जितका लवकर जाईन तितकं बरं. तो घरी असला का पोरगी उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकत. तो गेला का गोष्टीले रस्ता मोकळा."

"म्हंजे बाप राह्यला तर पोरीचं काहीच होत नाही म्हन," भगवंत म्हणाले.

पुस्तकात तरी नाही होत, असं ती म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले. निकाल चोख होता.

त्याच आठवड्यात भगवंत गेले. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती, विहीर तळाला लागली होती, फुलं निम्मीही नव्हती. म्हणून ते दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, रोजानं फवारणीला जात होते. त्या हंगामात फवारणीची बाधा होऊन कितीतरी माणसं दवाखान्यात येत होती. भर उन्हात पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल. संध्याकाळी घरी आले ते डोळे चोळतच. उलट्या सुरू झाल्या, जीप करून अकोल्याला नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणलं ते चादरीत.

डॉक्टरांनी फवारणीची बाधा असं स्वच्छ सांगितलं होतं. पण ती वर्षं अशी होती की आमच्याकडे शेतकरी गेला की लोक आधी आवाज खाली करायचे आणि मग विचारायचे. औषध अंगावर उडालं, की आणखी काही? दारावर येणारा प्रत्येक जण हा प्रश्न डोळ्यांत घेऊन यायचा. मला त्या लोकांचा फार संताप यायचा, अजूनही येतो. रागिणीच्या आईनं, शकुननं, बोलणंच सोडलं. घरात भगवंतांचं नाव निघेना. आणि रागिणी सगळ्याला हो म्हणू लागली. जेवतेस का, हो. शाळेत येतेस का, हो. मग जेवायची नाही आणि शाळेतही जायची नाही.

तेरवीच्या आधी एका दुपारी गुलनार वाचनालयात आली. दीपगृहाचं पुस्तक अर्धंच वाचलेलं, मध्ये दोऱ्याचा तुकडा. ते तिनं माझ्यापुढे सरकवलं आणि कपाटात सगळ्यात खाली टाका, कुणाला देऊ नका, असं सांगितलं. जाईना. उभीच राहिली.

"मॅडम, मानूस असं कोनाचं बोलनं मनाले लावून घेते काय?"

काय विचारते आहे ते मला लगेच कळलं. मी नाही म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं, थोडी रागावलेसुद्धा. पण नुसतं नाही म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या छातीवरचं ओझं उतरत नाही. तिला खात्री हवी होती आणि खात्री देऊ शकणारा माणूस गेला होता. ती सगळ्या गावाला जे विचारायचं ते विचारू देत होती आणि स्वतः मनात म्हणत होती की मीच बोलले होते.

मग तिनं एक काम काढलं. रागिणीला वाचून दाखवायला बाप न मेलेलं पुस्तक हवं. आम्ही दोघी किशोर विभागाच्या कपाटापुढे बसलो आणि एकेक पुस्तक काढत गेलो. कुणाचा बाप युद्धात, कुणाचा साथीत, कुणाचा वादळात, कुणाचे आईबाप दोघंही गाडीच्या अपघातात. मी इतकी वर्षं त्या कपाटाची किल्ली सांभाळत होते, पण आत इतकी अनाथ पोरं भरली आहेत हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी हाताशी उरली ती चुटक्यांची आणि शास्त्रीय प्रयोगांची पुस्तकं. गुलनारनं ती बाजूला ठेवली, एक कादंबरी उचलली आणि निघून गेली.

नवरात्र आलं. दुःख असलं तरी शेतात उरलेली फुलं थांबत नाहीत, ती बाजारात न्यावीच लागतात. अंगणात पुन्हा बाया बसल्या. शकुन भिंतीला टेकून ओवत होती, रागिणी तिच्याशेजारी मान खाली घालून. गुलनारनं वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर मी चमकले. ते पुस्तक माझं वाचलेलं होतं. त्यात मुलीचा बाप खाणीत दबून मरतो. गुलनारच्या वाचण्यात तो कामाला बाहेरगावी गेला. कुठं, असं एका बाईनं सवयीनं विचारलं. गुलनारच्या तोंडून निघून गेलं, धारणीला.

त्यानंतर सगळेच धारणीला जाऊ लागले. राजाचा सेनापती धारणीला गेला. बर्फावरचा शिकारी धारणीला गेला. जहाजाचा कप्तानसुद्धा गेला. मेळघाटातला रस्ता खराब, जीप मिळत नाही, म्हणून कुणी परतत नव्हतं. पुस्तकाशी असं खेळलेलं मला एरवी खपत नाही, ग्रंथपालाला ते खपूच नये. पण मी गप्प राहिले. वाचताना गुलनार दर पानाला रागिणीकडे बघायची. ती काहीतरी म्हणेल, निदान हे खोटं आहे असं तरी म्हणेल, याची वाट बघायची. रागिणी फूल उचलायची, सुईत घालायची, पुढचं फूल उचलायची. मध्येच थांबून पोरींची खरडपट्टी काढणंही गुलनारनं सोडून दिलं होतं. निकाल देणारी ती पोरगी आता कुठल्याच पुस्तकाबद्दल काही म्हणेनाशी झाली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा ढीग मोठा होता. गुलनारनं नवी कादंबरी उघडली, पहिलं पान संपवलं, आणि त्या मुलीचा बाप धारणीच्या रस्त्याला लावला.

"गुलनार," भिंतीकडून आवाज आला. शकुन इतक्या दिवसांनी बोलत होती. "या साऱ्या पोरींचे बाप धारनीलेच काहून जातेत व?"

शकुननं पुढचं फूल सुईत घातलं.

"अन् त्यातला एकबी वापस नाही येत?"

गुलनारनं पुस्तक मिटलं. ओठ आवळून धरले होते, तरी हुंदका फुटलाच. मग ती सगळं बोलली. कुणीच धारणीला जात नाही, ते सगळे पहिल्याच पानावर मरतात, मी खोटं वाचत होते. आणि तेवढ्यावर थांबली नाही. भगवंत काकांना मी काय म्हटलं होतं ते तिनं शब्दन् शब्द सांगितलं, आणि ते माझ्या बोलण्यामुळेच तर गेले नाहीत ना, असं शकुनलाच विचारलं. बायांच्या हातातल्या सुया थांबल्या. मला वाटलं आता शकुन हिला घराबाहेर काढते.

शकुननं हातातला हार बाजूला ठेवला. गुलनारला जवळ ओढलं नाही, डोळे पुसले नाहीत. जे होतं ते नुसतं सांगितलं. "जीपमंदी माह्या मांडीवर डोकं होतं त्याइचं. बोलनं होत नव्हतं. तरी मले म्हने, गुलनार येईन वाचायले, तर तिले म्हना मी आल्याबिगर पुढचं वाचू नको. त्या समुद्रातल्या पोरीचं काय होते ते मले आयकाचं हाये." मग ती म्हणाली, "ज्याले जाचं असते, ते मानूस असं सांगून ठेवते काय, बाई?"

गुलनार रडली, अगदी मोठ्यानं रडली. मीही रडले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. शकुनला ते आधी का सांगता आलं नाही, हे मी तिला कधीच विचारलं नाही. तिला सगळ्यांनी तो एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही आवाज खाली करून. गुलनारनं तो सगळ्यांपुढे, मोठ्यानं विचारला.

मी घरी जाण्याऐवजी वाचनालयाची किल्ली घेऊन परत गेले आणि कपाटाच्या तळातून दीपगृहाचं पुस्तक काढून आणलं. दोऱ्याचा तुकडा जागेवरच होता. मी ते गुलनारच्या हातात दिलं, पण तिचा आवाज लागेना. तेव्हा रागिणीनं हात पुढे करून ते घेतलं. तिनं दोऱ्याचं पान उघडलंच नाही. ती मागे गेली, पहिल्या पानावर, जिथं बाप मरतो. मनातल्या मनात ते वाचलं, दुसरं पान वाचलं, तिसरं उलटलं.

"इथं बाप मेला," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "अन् इथं पोरगी होडीत बसली. मधात काहीच नाही. त्याची तेरवी कोन केली? त्याचे कपडे कोन उचलले? आयले सोडून गेलीच कशी हे?"

गुलनारनं ओढणीनं नाक पुसलं. रागिणीकडे बघत राहिली. मग तिच्यात जे जुनं होतं ते हळूहळू वर आलं.

"पुस्तकात तेरवी घातली तर ते कोन वाचीन?" ती म्हणाली.

"मी वाचीन," रागिणी म्हणाली.