स्वतःची चाल नसलेला शेजारी

मी कान खाजवला की तो कान खाजवायचा. मी जांभई दिली की त्याचा जबडा उघडलाच. "नक्कल करतोस काय रं माकडा?" म्हटलं की तोंड एवढंसं करून म्हणायचा, "मी कुठं काय केलं, दादा?" आणि खरंच त्याला पत्ता नसायचा. नक्कल करायला निदान अक्कल लागते. ह्याला तीही नव्हती.

सूर्यमाळच्या उतारावर आमचा पाडा. त्याचं खोपट माझ्या खोपटाला लागून, म्हणून हा ताप माझ्याच वाट्याला. तुमच्याही शेजारी असेल असा एखादा. बघा नीट.

रेशनचा दुकानदार बोलताना अडखळायचा. एकदा म्हणाला, "रा-रा-रॉकेल संपलं." आमचा हा विचारतो, "क-क-कधी येईल?" दुकानदारानं कानाखाली वाजवली. गाल चोळत हा म्हणतो, "म-म-मी कुठं काय केलं, शेठ?" दुसरीही बसली.

मयताला गेला की विधवेपेक्षा मोठ्यानं रडायचा. तिथंच कोपऱ्यात कुणी विडी ओढत हसलं की ह्याचेही दात बाहेर. फॉरेस्टच्या गार्डासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, कारण गार्डानं ठेवलेले. मी दोन यत्ता शिकलो, पण दुसऱ्याची मान हलली म्हणून माझी कधी हलवली नाही.

नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोट चाचपलं. "मूल आडवं आहे. दवाखान्यात न्या, नाहीतर दोघं जातील." पाड्याला रस्ता नव्हता. मुलगा भिवंडीकडे वीटभट्टीवर, पाड्यातले सगळे धडधाकट गडी तिकडंच. उरलो मी, सुईणीचा म्हातारा नवरा, आणि मुकादमानं नाकारलेला हा. बांबूला गोधडी बांधून डोली केली, उन्हासाठी वरून लुगडं टाकलं. पुढं मी, मागं हा.

डोलीत पुढच्याचा डावा पाय पडला की मागच्याचा उजवा पडावा लागतो. दोघांचा एकच पाय पडला तर बांबू लचकतो, आतलं माणूस उसळतं. ओहळ ओलांडेपर्यंत ह्याचा पाय माझ्या पायाला जुळला. सून किंचाळली.

"पाय बदल रं!"

"बदलला, दादा."

बदलायचा, आणि जरा पुढं गेलं की पुन्हा माझाच पाय. शेवटी शिव्या घालून त्याला बाजूला काढला, बांबू म्हाताऱ्याच्या खांद्यावर दिला. "डोलीच्या कडेनं चाल. आणि तोंड बंद ठेव."

तोंड कसलं बंद! सून कण्हली की हा कण्हायचा. तिला कळ आली की ह्याचा श्वास वर. सुईण त्या चढणीतही हसली, "दादा, हाच बाळंत होतोय की!" मला शरम आली त्याची.

पुढं त्याचं कण्हणं थांबलं. बरं झालं, म्हटलं. मग त्याचे पाय फरफटायला लागले, मान छातीवर आली. "चालता चालता झोपतोस, भाडखाऊ?" मी वळून ओरडलो. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. सुईणीनं त्याच्याकडं पाहिलं आणि झटकन डोलीवरचं लुगडं ओढलं. आत सुनेचं तोंडही तसंच.

डोली खाली ठेवली. सुईणीनं पाणी मारलं, तळवे घासले, गालावर चापट्या दिल्या. सुनेनं मोठा श्वास घेतला. शेजारी ह्यानंही घेतला. मग आम्ही पळतच सडक गाठली, जीप मिळाली, जव्हारला पोट फाडून नात झाली. दोघी जगल्या.

सुईण म्हणते, त्यानं वाचवलं. मी म्हणतो, आरशाला कुणी डॉक्टर म्हणतं का?

पुढच्या दिवाळीनंतर एका नव्या मुकादमानं त्याला टेम्पोत घातला. तो परत आला नाही. कुणी म्हणतं ठाण्याला आहे, कुणी म्हणतं मेला.

मला दिसतो तो सडकेवरचा. जीपमध्ये त्याला जागा नव्हती. म्हातारा बांबू घेऊन माघारी उतरायला लागला होता. धुरळ्यात हा एकटाच उभा, बघायला समोर कुणी नाही. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. वळण येईपर्यंत मी मागं बघत राहिलो. तो हललाच नाही.