नसलेला कोपरा

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात गेला सगळा हिवाळा मी धातू कापणाऱ्या यंत्रांचे टूल मोजत बसलो होतो. कपाटातून टूल बसवलेला होल्डर काढायचा, चिकटलेलं तेल पुसायचं, लांबी घ्यायची, व्यास घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याचा हुबेहूब आकार करायचा आणि पुन्हा कपाटात. याला टूल लायब्ररी म्हणतात. ती झाली की यंत्राचंही मॉडेल करायचं. मग कुठलाही जॉब, म्हणजे कापायचा भाग, आधी पडद्यावर चालवून बघता येतो, आणि टूल कुठे आपटणार असेल तर ती जागा लाल दिसते. कल्पना झकास आहे. ज्याच्या बोकांडी बसते त्याचा मात्र जीव जातो.

मी रेटत होतो ते एका आशेवर. भोपाळला मुलीला मुलगा झाला होता. सेठजींनी कबूल केलं होतं की काम संपलं की सुट्टी, तोपर्यंत नाव काढायचं नाही. बायको एकटी जाऊन महिनाभर राहून आली, नंतरही अधूनमधून जायची. मी नातू फोनवर बघत होतो, तोही बहुतेक वेळा झोपलेला.

टूल मोजून संपले आणि मी सगळ्यात मोठ्या यंत्राकडे वळलो. यंत्र जुनं, त्यामुळे त्याचं मॉडेल आयतं मिळेना. टेप घेऊन आत शिरलो. आतल्या पत्र्याचा एक कोपरा जाग्यावर नव्हता. कुणीतरी ग्राइंडरने कापला होता आणि वरून रंग फासला होता. रंगही दुसऱ्याच छटेचा.

हे यंत्र चालवणारे उस्ताद देपालपूरहून येतात. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. माझ्या हातातला टेप बघून त्यांचा चेहरा उतरला.

"भिया, तेवढं राहू द्या ना," ते म्हणाले. "मोठा जॉब होता, यंत्राचं हेड तिकडे अटकत होतं. सेठजींचा फोनवर फोन, कैसे भी निकालो. म्हणून मी काढला कोपरा. आता त्यांना कळलं तर माझी तर छुट्टीच समझो."

त्यांची भीती खोटी नव्हती. दाराची काच फोडली म्हणून सेठजींनी आदल्या साली एकाला त्याच दिवशी गेट दाखवलं होतं.

"उस्ताद, आहे तसंच दाखवावं लागतं," मी म्हणालो. "आणि सेठजी खाली येतात कधी? पडद्यावर त्यांना यंत्र काय आणि गॅसची शेगडी काय, सारखंच." अशी त्यांची समजूत काढून मी कोपऱ्याशिवाय मॉडेल केलं.

यंत्र आलं त्या दिवशीचा एक फोटो सेठजींच्या केबिनमध्ये आहे. हार घातलेलं यंत्र, शेजारी सेठजी, आणि उघड्या दारातून स्पष्ट दिसणारा तो कोपरा. याचा मी विचारच केला नव्हता. मॉडेल बघायला आम्हा दोघांना वर बोलावलं. सेठजींनी पडद्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"ये कोना कहाँ गया?"

उस्ताद छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

इतक्या वर्षांत माझं एकही माप चुकलं नव्हतं, आणि त्याच्यावरच माझी इज्जत होती. पण शब्द तोंडातून निघून गेले. "राहून गेला, सेठजी. लावतो."

"एक छूटा है तो और भी छूटे होंगे. सब दुबारा नापो. छुट्टी बाद में देखेंगे."

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "परत सगळं नापायचं? मग पहिले काय टाइमपास करत होते का तुम्ही?" मी खरं सांगितलं. त्या दिवशी पोळी वाढताना तिने ताट जरा जोरात ठेवलं.

मी पुन्हा पहिल्या होल्डरपासून सुरुवात केली. मला उस्तादांचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. हात इतके जड झाले होते की होल्डर उचलायच्या आधी मी क्षणभर नुसता बघत बसायचो. उस्ताद मात्र आधीच्या बसने यायला लागले. शिफ्ट सुरू होईपर्यंत माझ्या शेजारी बसून होल्डर पुसून द्यायचे. शेतातला हिरवा हरभरा आणायचे आणि माझ्यापुढे ठेवायचे.

सगळं मोजून झालं. एकही माप वेगळं निघालं नाही. सेठजींना सांगितलं, तर खूश झाले. "देखा? दुबारा नापने से तसल्ली हो गई ना?" मी हो म्हणालो. भांडायला अंगात त्राण लागतं.

आता यंत्राचे प्रोग्राम कोपरा लावलेल्या त्या मॉडेलवर बनतात. मोठा जॉब लागला की यंत्राचं हेड त्या जागेपाशी येतं, वर उचललं जातं, रिकाम्या हवेला वळसा घालून पलीकडे उतरतं. दर फेरीला असंच. जॉब उशिरा निघतो म्हणून सेठजी उस्तादांवर ओरडतात, आणि उस्तादांना ऐकून घ्यावं लागतं.

"भिया, काढून टाका ना तो कोपरा," परवा ते म्हणाले.

"सेठजींना विचारा," मी म्हणालो. दोघंही हसलो आणि चहाला गेलो.

सुट्टी शेवटी मिळाली. आम्ही दोघं भोपाळला पोचलो तेव्हा नातू बसायला लागला होता, माणसं ओळखायला लागला होता. आजीकडे झेपावला. मी उचलून घेतलं, तर अनोळखी माणूस बघून रडायला लागला.