मामांच्या नावावरचा काप

मला इथवर आणलं ते पत्रेमामांनी. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी अडखळतो. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. आज कोइमतूरला, जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणाऱ्या कारखान्यात वेल्डर आहे. लोक हाताखाली आहेत, पण मन ठिकाणावर नसतं.

आखाडा बाळापूरला रस्त्याकडेला मामांचं मोटारींच्या पत्रेकामाचं शेड. गंजलेली गाडी आली की मामा छोटी हातोडी घेऊन उकिडवे बसत, डोळे मिटत आणि टकटक करत पुढे सरकत. धड लोखंड ठण्ण वाजे, कुजलेलं भद्द. "रंग खोटं बोलतो, आवाज न्हाई," म्हणत तिथं खडूनं फुली मारत. फुलीवर पेचकस टेकवला की आरपार.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. त्याआधीची उमेदीची सगळी वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात गेलेली. मामा मला नावानं हाक मारत नसत. "या ट्रॉलीवाले," म्हणत. "तुमच्या ट्रॉलीत ऊस बसतो, हितं माणूस बसायचाय." बोलणं टोचायचं, पण जेवताना आपल्या डब्यातली भाकरी आधी माझ्या हातावर ठेवत.

दुसरी सवय दाराची. वीतभर पत्रा जोडला की मामा गाडीचं दार लावून बघत. परत वीतभर, परत दार. मी वैतागायचो. "मामा, किती येळा लावता?" "दार लागत राहिलं तवर गाडी सरळ हाय. आपल्याला उशिरा कळतं, दाराला आधी कळतं."

औंढ्याच्या वकीलसाहेबांची अँबेसिडर आली ती त्या दिवसांत. त्यांच्या वडिलांची गाडी. दाराखाली दोन्ही बाजूंना लोखंडाची पोकळ पेटी असते, तिच्यावर अख्ख्या गाडीचा भार. ती कुजून चाळणी झालेली. वकीलसाहेबांचे मेहुणे कोइमतूरच्या या कारखान्यात मोठ्या जागेवर. "काम नीट उतरलं तर तुझ्यासाठी शब्द टाकतो तिकडं," असं वकीलसाहेब मला मामांसमोर म्हणाले होते. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

मामा नात्यातल्या एका साखरपुड्याला सिद्धेश्वरला गेले. जाताना बजावलं, "आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप जोड, म्हंजी गाडी खाली बसायची न्हाई. मग वीतभर काप, वीतभर जोड." मला काम उरकून दाखवायचं होतं. ट्रॉलीला आम्ही कुजलेलं सगळं आधी कापून टाकतो, मग नवीन बसवतो. मी तसंच केलं. पाइप लावले नाहीत आणि एका बाजूची पेटी पुढून मागपर्यंत एका दमात कापली.

संध्याकाळी मामा आले. दार ओढलं. ते वरून अडकलं. गाडी मध्यातून खाली बसली होती. मामांनी दाराच्या फटीत वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "चहा सांग."

सकाळी वकीलसाहेब अचानक हजर. दार लागेना तसा त्यांचा आवाज चढला. "हे कुणी कापलं?"

ग्राइंडर माझ्या हातात होता. मी तोंड उघडणार, तोवर मामा म्हणाले, "माझ्या हातानं झालं साहेब. वय झालं आता. ह्यो पोरगा न्हाई म्हनत व्हता, मीच ऐकलं न्हाई."

मी गप्प राहिलो.

पुढचे आठ दिवस मामांनी खालून जॅक लावला. पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, दार लावून बघायचं. आठव्या दिवशी दार अलगद बसलं, तेव्हा त्यांनी आडवे पाइप माझ्याकडून जोडून घेतले आणि नव्या पेटीचं वेल्डिंगही. वकीलसाहेब येताच मामा म्हणाले, "सुधारलं ते ह्यानं." मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मामा, काहून असं केलं?" ते म्हणाले, "माझ्या नावाला गंज चढला तर मला ठोकता येतो. तुह्या नावाचा तर अजून पत्राच लागला न्हाई." आणि हसत कामाला लागले.

वकीलसाहेबांनी शब्द टाकला आणि महिन्याभरात मी इकडे कोइमतूरला आलो.

पण ते ठोकणं मामांना जमलं नाही. वकीलसाहेब जिथं बसले तिथं म्हणाले, पत्रेमामाचा हात गेला. मोटारी हिंगोलीला जायला लागल्या. फोन केला की मामा म्हणतात, "काम बराबर चालू हाय." गावाकडचा मित्र सांगतो, आता कूलरचे पत्रे आणि गेटांच्या कड्या तेवढ्या येतात. इथं कुणी माझ्या हाताचं कौतुक केलं की मी विषय बदलतो. प्रत्येक गाडीला मी पाइप दोनदा तपासतो, आणि तरी रात्री पुन्हा उठून विचार करतो की 'मी कापलं' हे दोन शब्द तेव्हा बोलायला किती वेळ लागला असता.

फोनवर सांगून हे फिटणार नाही. यंदाच्या सुट्टीत मी आधी घरी जाणार नाही, औंढ्याला उतरणार आहे. वकीलसाहेबांच्या बैठकीत चार माणसं असतील तेव्हाच जाईन, आणि त्यांच्या देखत सांगेन की तो काप माझा होता. इथली नोकरी त्यात गेली तर जाऊ दे. मामांचं नाव मी त्यांना परत देईन.