कादंबरी आवडली नाही म्हटल्यावर

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत वाचणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि महिन्यातल्या एका रविवारी क्लबहाउसमध्ये. ग्रुप चालवतात ते बँकेतून निवृत्त झालेले काका. माणूस सज्जन. दर सोमवारी सकाळी ते विचारतात, ‘सध्या काय वाचताय?’ मग दिवसभर उत्तरं येत राहतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो, शेजारी कॉफीचा मग, खाली ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’. त्याखाली हात जोडलेले, टाळ्यांचे, अश्रूंचे इमोजी.

मी हे चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये वाचायची. बस कुठेतरी ट्रेलरच्या मागे अडकलेली असायची, त्यामुळे वेळच वेळ. सगळं वाचून झालं तरी एक गोष्ट कळायची नाही: अप्रतिम म्हणजे नेमकं काय? पुस्तकात काय आहे? कोणता प्रसंग आवडला, कुठे कंटाळा आला? विचारलं तर उत्तर यायचं, ‘शब्दात सांगता येणार नाही, वाचाच!’

ग्रुपमध्ये मी शिरले ते बोलायला कोणी नव्हतं म्हणून. कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे जेवणाच्या सुट्टीत पुस्तकांचा विषय निघालाच तर तो पहाटे उठून यशस्वी कसं व्हावं या पुस्तकांचा. आम्ही तसेही पहाटे उठतो, शिफ्टच तशी असते. त्यामुळे त्या विषयात मला फारसं बोलता येत नसे.

ग्रुपमध्ये माझं खरं जमलं ते एकीशीच. आमच्याच मजल्यावर राहणारी, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं, नवरा चाकणच्या एका प्लांटमध्ये लाइनवर सुपरवायझर. तिला वाचायची अशी भूक की मुलीच्या डब्याला पोळ्या लाटतानाही ओट्यावर पुस्तक उघडं. पुस्तकाच्या पानांना कणीक लागलेली असायची. मला ताई म्हणायची. पुस्तकांची देवघेव चालायची, सोबत शेंगदाण्याची चटणी यायची.

मग ती कादंबरी आली. जाडजूड, कामगारांच्या वस्तीतल्या एका कुटुंबाची. ग्रुपवर ती पहिल्यांदा सुचवली माझ्या या शेजारणीनेच आणि मग नुसती लाट आली. पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी वाचली, आयटीतल्या एका मुलाने येता-जाता गाडीत ऐकली, काकांनी दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नव्हती तेही इतरांना सुचवायला लागले. माझ्या कंपनीतली रिसेप्शनची मुलगीसुद्धा म्हणाली, ‘मॅम, वाचलीत की नाही अजून?’

मी विकत घेतली. अर्धी वाचून झाल्यावर माझं डोकं तापलं.

त्याचं कारण सांगायचं तर मला कासारवाडीबद्दल सांगावं लागेल. मी तिथेच, रेल्वेलाइनच्या कडेच्या दोन खोल्यांत वाढले. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते आणि मी शाळेत असताना तो कारखाना बंद पडला. कादंबरीतही कारखाना बंद पडतो. तिथे शेवटच्या दिवशी बाप गेटपाशी एका पिंपावर चढून भाषण करतो. सात पानांचं. घामाची किंमत, लोखंडाला फुटलेली पालवी वगैरे. सगळे कामगार रडतात, साहेबसुद्धा मान खाली घालतो. घरी आई दारात दिवा घेऊन उभी असते. ती नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि स्वतःच्या ताटातली भाकरी त्याच्या ताटात सरकवते. पुस्तकभर ही बाई एकदाही चिडत नाही.

माझे वडील त्या दिवशी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, “उद्यापासून डबा नको.” एवढंच. आईने हातातलं पातेलं मोरीत आपटलं. मग ती चिडली आणि पुढची काही वर्षं चिडलेलीच राहिली. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून तिने रबराचे पार्ट आणले. त्यांच्या कडेला राहिलेलं जास्तीचं रबर कात्रीने कापायचं काम. आम्ही भावंडं अभ्यास झाला की कापत बसायचो. अंथरुणाला, केसांना, भाजीलाही त्या रबराचा वास. वडील सुरुवातीला त्या कामाला हात लावेनात, तेव्हा तिने त्यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. आमचं घर तिच्या रागावर चाललं. ती पुस्तकातल्या आईसारखी दिवा घेऊन हसत उभी राहिली असती, तर आम्ही उपाशी मेलो असतो.

त्यामुळे महिन्याच्या बैठकीला काकांनी एकेकाला बोलायला सांगितलं आणि माझी पाळी आली, तेव्हा मी म्हणाले, “मला नाही आवडली.”

काकांनी समजूतदारपणे विचारलं, “म्हणजे, भाषा जरा जड वाटली का?”

“नाही काका. खोटी वाटली.”

“फिक्शन आहे ना ताई,” आयटीतला मुलगा म्हणाला. “एवढं चालतं.”

“फिक्शन खोटं असतं असं कोणी सांगितलं?” मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण डॉक्टरीणबाईंनी सामोशाची बशी माझ्यापुढे केली. 

शेजारीण माझ्यासमोरच बसली होती. तिने सरळ विचारलं, “कुठं खोटी वाटली, ताई?”

मी सांगितलं. पिंपावरचं भाषण, ती दिवेवाली आई, साहेबाची खाली गेलेली मान. म्हणाले, “ज्याने हे लिहिलंय त्याला कामगाराच्या घराची फक्त कीव करायची आहे. आत जाऊन बघायचं नाही. वाचून आपल्याला बरं वाटतं, कारण पुस्तकातले गरीब फार चांगले आहेत.” हे बोलत असताना मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी पुस्तकातल्या एका पानाबद्दल बोलत होतं.

“ठीक आहे, ठीक आहे,” काका म्हणाले. “प्रत्येकाचं मत. पण आपण इथे पॉझिटिव्ह बोलायचं ठरवलंय ना? पुढे कोण?”

शेजारीण उठली. मुलीचा क्लास सुटेल, असं म्हणून गेली. रविवारी तिच्या मुलीचा क्लास नसतो.

संध्याकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज आला. ‘सर्व सभासदांना विनंती की, ग्रुपवर व बैठकीत फक्त आवडलेल्या पुस्तकांविषयीच बोलावे. कोणाच्या भावना दुखावू नयेत.’ त्यावर भराभर अंगठे पडले. मी फोन सोफ्यावर फेकला.

“तुला काय गरज होती?” नवरा म्हणाला. 

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“अगं, लोक काय खरंच मत विचारतात का?”

मला नेमका याचाच राग आला होता. कंपनीत मी दिवसभर तेच करते. पार्ट हातात घेते, उजेडात धरते, भेग दिसली की बाजूला काढते. त्यासाठीच मला ठेवलंय. तिथे मी सगळ्या पार्टना ‘अप्रतिम’ म्हणत सुटले तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. इथे मात्र भेग दाखवली तर दाखवणाऱ्याचाच स्वभाव वाईट.

शेजारीण बोलेनाशी झाली. लिफ्टमध्ये भेटली की फोनमध्ये बघायची. चटणी बंद, पुस्तकं बंद. माझी दोन पुस्तकं तिच्याकडे होती, ती मुलीच्या हाती परत आली. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिले. लिहिलंय तर तिने नाही! एका कादंबरीवरून माणूस बोलणं टाकतं का? मी तिला नावं ठेवली नव्हती, तिच्या स्वयंपाकाला नाही, तिच्या माहेराला नाही. एकदा तर बसमध्ये मी हे सगळं तोंडाने पुटपुटत होते, शेजारच्या मुलीने कानातला इअरफोन काढून विचारलं, “काही म्हणालात?”

महिनाभर असंच गेलं असेल. एका शनिवारी लिफ्ट बंद पडली. मी भाजी घेऊन जिन्याने निघाले तर पुढे ती. तिच्याही हातात पिशव्या. पुढे जाणं तिला जमेना, मागे राहणं मला बरं दिसेना. चौथ्या मजल्यावर दोघीही धापा टाकत थांबलो. तिने पिशवी खाली ठेवली आणि एकदम म्हणाली, “तुम्ही खोटी म्हणालात.”

“कादंबरीला म्हणाले. तुला नाही.”

“आमच्या ह्यांची नोकरी गेली, ताई. त्या बैठकीच्या आधीच गेलती. लाइनच बंद केली. मी कोणाला बोलले नव्हते.”

मी तिची पिशवी उचलली.

“घरात एक शब्द बोलत नव्हते,” ती म्हणाली. “जेवण पुढं ठेवलं तर जेवायचे, नाहीतर बसून राहायचे. मी आपली ती कादंबरी वाचायला घेतली होती. एकदा म्हटलं, मोठ्यानं वाचते, घरात कोणाचा तरी आवाज येऊ दे. ते ऐकायला लागले. ते गेटवरचं भाषण आलं आणि रडले. पहिल्यांदा. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी वाचा म्हणून. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, खोटंय!”

“मला माहीत नव्हतं गं.”

“माहीत असतं तर चांगली म्हणाला असता?”

हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी खरं तेच सांगितलं. “नसते म्हणाले. गप्प बसले असते.”

ती मला घरात घेऊन गेली, बहुतेक रागानेच. नवरा घरीच होता. हसतमुख माणूस म्हणून मी त्याला ओळखत होते; आता दाढी वाढलेली, टीव्ही बंद असूनही समोर बसलेला. तिने त्याला माझ्यासमोरच सांगितलं, “ह्या ताईंना ते भाषण खोटं वाटलं.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो मात्र वळून म्हणाला, “खोटंच आहे की ओ, ताई. असं कोण बोलतंय? आमच्यात तर कोणी काहीच बोललं नाही. मोबाइलवर मेल आला. गेटवर सिक्युरिटीनं आयकार्ड घेतलं, अन् बाहेर. बारा वर्षं काम केलेलं, पण जाताना एक माणूस दोन शब्द बोलला नाही. मीपण बोललो नाही.” मग तो म्हणाला, “ते पुस्तकात वाचलं तर वाटलं, कोणीतरी बोललं बाबा.”

चहा झाला. मी माझ्या वडिलांचं ‘उद्यापासून डबा नको’ त्यांना सांगितलं, आईचं पातेलं सांगितलं, रबराचे पार्टही सांगितले. तो पातेल्यावर हसला आणि बायकोकडे बघून म्हणाला, “हिनं कढई आपटली होती.” ती म्हणाली, “कढई निसटली होती.”

घरी आले तर मला शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या भाषणाने एका माणसाला रडू आलं, त्याची कोंडी फुटली, हे मी त्या दोघांकडूनच ऐकलं होतं. तरीही ते भाषण मला खोटंच वाटत होतं. रात्री परत काढून वाचलं, तितकंच खोटं. एखादी वाईट लिहिलेली गोष्ट माणसाच्या इतकी उपयोगी पडावी आणि चांगल्या लिहिलेल्या गोष्टी माझ्या कपाटात धूळ खात पडाव्यात, याने मी अजूनच चिडले.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी तिला माझं एक पुस्तक नेऊन दिलं. एका लहान गावातल्या शिंप्याच्या घराची बारीकशी कादंबरी. माझी अत्यंत लाडकी. त्यात कोणी भाषण करत नाही. शिंप्याचं दुकान हळूहळू बंद पडतं आणि घरातली माणसं त्याबद्दल बोलत नाहीत, बटणांबद्दल बोलतात. म्हटलं, “हे वाच. मग बोलू आपण.”

तिच्या नवऱ्याला तोवर तळेगावच्या बाजूला एका गोदामात काम मिळालं होतं. काँट्रॅक्टवर, आधीपेक्षा कमी पगारात, पण मिळालं. चटणीही पुन्हा सुरू झाली होती. चार-पाच दिवसांनी ती खाली निघाली असताना लिफ्टपाशीच चटणीबरोबर माझी कादंबरी परत आली.

“वाचून झाली?” मी आनंदाने विचारलं.

“नाही ओ. निम्म्यात सोडली.”

“का?”

“काहीच होत नाही त्यात. शिंपी बसतो, उठतो, काजं करतो. मी म्हटलं, आता काहीतरी होईल. तर तो चहा पितो.”

“अगं, त्या चहातच सगळं आहे! त्याची बायको साखर कमी घालते, तुझ्या लक्षात आलं का?”

“आलं. पुढं?”

“पुढे काय पुढे? तीच तर गोष्ट आहे.”

“मग मला नाही आवडली,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणता ना, खरं बोलावं.”

मला इतका राग आला की क्षणभर मी काकांचा नियम मनातल्या मनात मान्य केला. तसंच लिफ्टच्या दारात उभं राहून मी तिला ते साखरेचं पान काढून दाखवलं, ती मान हलवत राहिली, खालून कोणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं, कारण बोलता बोलता तिने लिफ्टचं दार पायाने अडवून ठेवलं होतं. शेवटी मी पुस्तक पुन्हा तिच्या हातात कोंबलं. “शेवटची प्रकरणं वाच. मग बोल.”

तिने ते कडू औषध घेतल्यासारखं घेतलं. त्यालाही आता बरेच दिवस झाले. भेटली की मी विचारते आणि ती म्हणते, “वाचायलेय, ताई.” ती वाचत नाहीये. तिच्या ओट्यावर दुसरंच एक जाडजूड पुस्तक उघडं असतं, त्याच्या पानांना कणीक लागलेली मी पाहिलीये.