एका पानावर दोन शब्द

मी स्पीच थेरपिस्ट. कर्जतला आठवड्यातून तीन दिवस बसते. बोलायला उशीर झालेली लहान मुलं माझ्याकडे येतात. ती बिचारी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे इतक्या वर्षांत साठलेले किस्से सगळे मोठ्यांचेच. मोठी माणसं भरपूर बोलतात!

खोलीत गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट आहे. जाड पानं, मोठं चित्र आणि खाली दोन शब्द. त्या दोन शब्दांनी जितक्या पालकांचा अपमान झालाय, तितक्यांचा मी ठरवून केला असता तरी झाला नसता.

*

खालापूरकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेले एक गृहस्थ. मुलगी तीन वर्षांची, शब्द जेमतेम चार. "घरातलं एखादं पुस्तक आणा," म्हटलं, तर साहेब इंग्रजी ज्ञानकोश घेऊन आले. इतका जाड, की मुलगी सरळ त्यावर जाऊन बसली.

"मॅडम, बेस पक्का पाहिजे! हे बघा, डायनोसॉरचे सगळे प्रकार आहेत."

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं, ही, आणि माझी आई."

"आजीला काय हाक मारते?"

साहेबांनी चष्मा पुसला. "हाक... नाही मारत अजून."

"मग आधी आजी घेऊ. डायनोसॉर इतकी वर्षं थांबलेत, आणखी थोडे थांबतील!"

*

एक शिक्षिकाबाई पुतण्याला घेऊन यायच्या. त्यांना मी मांजरीचं पुस्तक दिलं. मांजर झोपली. मांजर उठली. मांजर गेली. संपलं.

बाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "पण यातून बोध काय घ्यायचा?"

"मांजर गेली."

पुढच्या आठवड्यात पुस्तक परत आलं. शेवटच्या पानावर लाल पेनने, वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'तात्पर्य – नेहमी लवकर उठावे.'

*

एक आई पुस्तक वाचायची म्हणजे पोलीस चौकशी करायची. "हे काय? हे काय? आणि हे? सांग ना!" पोर खुर्चीखाली जायची.

मी म्हटलं, "ताई, प्रश्न बंद. चित्राचं नाव एकदा सांगा, मग पाचपर्यंत मोजा आणि तिची वाट बघा."

आठवड्याने तक्रार घेऊन हजर. "मोजते ओ मी, पण काय उपयोग नाय."

"दाखवा बरं."

तिने पान उघडलं. "कोंबडी." आणि मग मोठ्याने, "एक! दोन! तीन!"

मांडीवरून शांतपणे आवाज आला, "चाल."

मला हसू फुटलं. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी काही बोलणार, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. "थांबा ओ मॅडम. पाच म्हनंल ती."

*

आता माझाही किस्सा सांगते, नाहीतर म्हणाल बाई स्वतःला फार शहाणी समजते.

डोंगरपायथ्याच्या एका वाडीतल्या अंगणवाडीत गेले होते. पिशवीत छान रंगीत पुस्तक, 'चला मॉलमध्ये'. चार वर्षांची पोर माझ्यासमोर बसली आणि एका चित्राचं नाव सांगेल तर शपथ! मी गंभीर चेहऱ्याने फाईलमध्ये लिहिलं: 'चित्रे ओळखत नाही.'

मागून अंगणवाडीताई वाकल्या. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "मॅडम, ह्ये काय हाय?"

"सरकता जिना."

"मला बी नाय आलं वळखता. माजं बी नाव लिवा."

*

पळसदरीचा एक बाप. माथेरानला हॉटेलात कामाला, घरी आठवड्यातून एकदाच. त्याची पाच वर्षांची लेक एकेक शब्द बोलायची, पण दोन शब्द काही जोडायची नाही. मी गोठ्याचं पुस्तक दिलं. आठ पानं, आठ जनावरं. सांगितलं, "दर खेपेला हेच वाचा. कंटाळा आला तरी हेच."

दोन महिने माणसाने इमानाने तेच वाचलं. मग एका गुरुवारी एकटाच आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"मॅडम, माजी चूक झाली. परवा लई दमून आलो व्हतो. लवकर संपावं म्हनून दोन पानं एकदम उलटली."

"मग?"

"तिनं माजा हात धरला. म्हनली, 'बाबा, नाय! म्हस ऱ्हायली!'"

मी पेन खाली ठेवलं. चार शब्द!

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. ते टेबलावर ठेवून कपाटाकडे बघत म्हणाला, "दुसरं द्या. जाडं द्या."

"अहो, हेच चालू द्या की अजून. एवढं जाड वाचाल का तिला?"

"वाचाया नको ओ, मॅडम. पानं गाळाया!"