टाचणीबाईंचं ऐंशी किलोचं जाकीट

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट चाळीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. हे नाव अंगकाठीवरून पडलं असावं, असा कुणाचा समज असलाच तर तो बाईंना पाहताक्षणी दूर होई. त्यांच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असत आणि त्या तशाच धरून त्या बोलत, म्हणून टाचणीबाई. मी रंगमंचावर अकरा वेळा राजा झालो, म्हणून त्या मला महाराज म्हणत. तोंडात टाचण्या नसल्या की त्याच शब्दाला जरा धार चढे.

मी देखणा नट होतो. असं जुने फोटो सांगतात, आणि फोटो हाताशी नसले की मी सांगतो. तिसाव्या वर्षी शिवलेला राजाचा कोट मला साठाव्या वर्षीही जसाच्या तसा बसतो, ही माझी शेखी होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी हे ऐकावं लागे. पुढे कंपनी बंद झाली, नाट्यगृहाच्या जागी फर्निचरचं दुकान आलं आणि बाईंनी तो कोट मला आठवण म्हणून दिला. एकदा त्याचं अस्तर उसवलं. आत डोकावलो, तर बाजूच्या शिवणीशेजारी जुन्या शिवणींच्या सात खुणा, ओळीनं, प्रत्येक वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची. बाई दर काही वर्षांनी कोट सैल करत आल्या होत्या. एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

मी कोट घेऊन समोरच्या दारी गेलो. आमची दारं तळमजल्यावर समोरासमोर आहेत.

"बाई, हे काय?"

"तुमचा इतिहास," त्या मशीन थांबवून म्हणाल्या. "नटाला पोट सुटल्याचं सांगितलं की तो पोट आत ओढून धरतो. पोट ओढलं की आवाज जातो. मग तिसऱ्या अंकातली तुमची गर्जना ऐकू कुणाला जाणार? म्हणून मी प्रत्येक कपड्यात माया ठेवायची."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. ते सोडलं की कपडा मोठा होतो आणि बाहेरून कुणाला कळत नाही. माझी तीस वर्षांची शेखी त्या दोन बोटं कापडावर उभी होती.

हे सगळं आधीच सांगितलं, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं मूळ इथे आहे.

चाळीस वर्षं पायमशीन चालवून बाईंचे दोन्ही गुडघे गेले. आधी जिना सुटला, मग बाजार सुटला, आणि गेल्या वर्षी मशीनही सुटायला आलं. दहा मिनिटं पाय मारला की त्या गुडघा दोन्ही हातांनी दाबून बसत. आमच्या इस्पितळात गुडघ्याचा मोठा सर्जन दर तीन महिन्यांनी एकदा येतो. त्यानं बाईंना तपासलं, काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी किलो. ऐंशीच्या आत या, मग ऑपरेशन. पाव, भात, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, दही, पालेभाज्या खा. मी तीन महिन्यांनी येतोय."

मी बाईंना आधार द्यायला बरोबर गेलो होतो. तिथल्या तिथे उभा राहून मी जाहीर केलं, "बाई, या लढाईत तुम्ही एकट्या नाही. आजपासून मीही पाव सोडला!"

शेजारच्या बाकावरचे दोन पेशंट वळून बघायला लागले. सर्जननं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "उत्तम."

घरी हे कळल्यावर आमची ही एवढंच म्हणाली, "अहो, घोषणा तुमची आणि किसणी माझ्या हातात, असं ना?"

तसंच झालं. तिनं फ्लॉवर किसून, वाफवून भाताच्या जागी वाढला. चुकीची पात्रयोजना मी आयुष्यात पुष्कळ पाहिली आहे. पन्नाशीचा नट कॉलेजकुमार झालेला पाहिला आहे. किंबहुना तो मीच होतो. पण भाताच्या भूमिकेत फ्लॉवर, हे धाडस त्यापलीकडचं. सकाळी अंडी, दुपारी मासा आणि फ्लॉवर, रात्री पुन्हा अंडी. चौथ्या दिवशी मला बटाट्याचं स्वप्न पडलं. तो नुसता बसला होता, काही बोलत नव्हता.

बाई मात्र हिनं पाठवलेलं तेच ताट तक्रार न करता खात होत्या. त्यांचा घरच्या वजनकाट्यांवर विश्वास नव्हता. कंपनीत असताना आपण ऐंशी किलोच्या होतो तेव्हाचं माप त्यांना पाठ होतं. त्या मापाचं त्यांनी अस्तराच्या कापडाचं एक जाकीट शिवलं, पुढून चार बटणांचं. दर रविवारी आमच्याकडे येऊन, माझ्या जुन्या मोठ्या आरशासमोर ते घालायचं, आणि बटण नि काजं यांत किती बोटं अंतर उरलं ते हिनं मोजायचं. पहिल्या रविवारी पाच बोटं. जाकीट आमच्याच कपाटात राहायचं.

पाच आठवड्यांत पाचाची तीन बोटं झाली. आणि मग ती तीन बोटं हलेचनात. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिसऱ्या रविवारी बाईंनी जाकीट काढलं आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

"वहिनी," त्या हिला म्हणाल्या, "तुम्ही उगीच किसत बसता. माझं नाही होणार. गुडघे आहेत तसे राहू द्यात. मशीन विकून टाकते."

ही म्हणाली, "असं कसं विकता?"

"पाय चालत नाही तर काय त्यावर कुंडी ठेवू?"

आता माझं सांगतो. मी त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी वर्तमानपत्र आणायला जात होतो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत उभ्याउभ्या एक गोड बन खाऊन, मिशा पुसून परत येत होतो. बाई मासा नि फ्लॉवर खाऊन हरत होत्या आणि त्यांचा सहयोद्धा बन खाऊन ताजातवाना होता. माणूस अपराधी असला की त्याला परोपकाराची फार घाई होते.

सोमवारी ही बाजारात गेली. मी कपाट उघडलं, जाकीट उलटं केलं. आणि काय सांगू! सवयीनं बाईंनी त्यातही माया ठेवली होती. स्वतःची फसवणूक होऊ नये म्हणून शिवलेलं जाकीट, पण हाताला दुसरं वळणच नव्हतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड आत दुमडलेलं. मी चष्मा चढवला, शिवणी उसवल्या, थोडंथोडं कापड सोडलं आणि पुन्हा टाके घातले. बोटाला सहा वेळा सुई टोचली. मनात मात्र टाळ्यांचा कडकडाट चालू होता.

रविवारी अंतर निघालं दीड बोट.

बाईंनी स्वतः बोटं घालून पाहिलं. मग आरशात पाहिलं. मग हिच्याकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या. त्या दिवशी त्यांनी मशीनवर नवा पट्टा चढवून घेतला. त्या आणखी नेटानं पथ्य पाळू लागल्या, दारापासून फाटकापर्यंत काठीनं फेऱ्या मारू लागल्या. हे पाहून मी इतका खूश झालो की आणखी एकदा कापड सोडलं. तिसऱ्या अंकातली उसवलेली बाही समोरच्या रांगेतून हेरणारी बाई, पण जाकीट उलटं करून बघायचं तिला सुचलं नाही. ऑपरेशनच्या तपासणीआधीच्या रविवारी चारही बटणं लागली. हिनं टाळ्या वाजवल्या. मी बाईंना वाकून मुजरा केला.

इस्पितळातल्या काट्यावर नर्सनं आकडा वाचला, "त्र्याऐंशी पूर्णांक सहा."

सर्जन वाईट बोलला नाही. "चांगली प्रगती आहे. पण ऐंशी म्हणजे ऐंशी. पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप म्हणजे आणखी तीन महिने.

बाहेर बाकावर बाईंनी पिशवीतून जाकीट काढलं. ऑपरेशन ठरलं की सर्जनला दाखवायचं म्हणून त्यांनी ते मिरवत आणलं होतं. त्यांनी ते सावकाश उलटं केलं. माझे टाके त्यांच्यासमोर होते, कोंबडीनं चिखलात फिरावं तसे.

"वहिनींचा हात असा नाही," त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो, हात छातीशी नेला. "बाई, या पापाचा धनी—"

"बसा खाली. भाषण नको."

मी बसलो.

"मला वाटलं," मी हळू आवाजात म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, तेच—"

"तुम्हाला दिव्यांच्या उजेडात दोन तास राजा म्हणून उभं राहायचं होतं, महाराज. मला काट्यावर उभं राहायचं होतं." त्यांनी जाकिटाची घडी घातली. "तीन आठवडे अडले होते. पुढेही खरं अंतर कळत राहिलं असतं तर मी शेंगदाण्याचा डबा बंद केला असता. मला माहीत होतं तो नडतोय. पण बटणं जवळ यायला लागली, मग म्हटलं, असू दे, मूठभर शेंगदाण्यांनी काय होतंय."

मी पिशवी उचलली आणि त्यांची काठी पुढे केली.

"आणि बन खाणं बंद करा," त्या उठताना म्हणाल्या. "रोज कोटावर चुरा घेऊन येता. मी चाळीस वर्षं कपडे झटकलेत."

त्या दिवसापासून रविवारचा आरसा बंद झाला. बाईंनी ठरवलं, वजन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात करायचं, पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर, चारचौघांत. आणि आधी माझं, मग त्यांचं. दुकानदाराला आमच्यावर राग धरायला कारण होतं, कारण आम्ही त्याच्याकडून तांदूळ, साखर आणि बटाटे घेणं सोडलं होतं.

"माल माझा नको आणि काटा मात्र माझा पाहिजे!" तो म्हणाला, पण पोतं बाजूला सरकवून त्यानं जागा केली. मी चढलो. "चौऱ्याण्णव!" त्यानं असा पुकारा केला की समोरच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवला. रंगमंचावर येताना माझी इतक्या मोठ्यानं घोषणा कधी झाली नव्हती.

त्या तेरा आठवड्यांत मी बन सोडला. खरोखर सोडला. पहिला आठवडा मी हिच्यावर, वर्तमानपत्रावर आणि फ्लॉवरवर खेकसत होतो. मग हळूहळू सवय झाली. फ्लॉवर भात नाही, हे मान्य केल्यावर तो फ्लॉवर म्हणून बरा लागतो. बाईंनी शेंगदाण्याचा डबा आमच्याकडे आणून दिला आणि हिनं तो माझ्यापासून लपवला. कधी बाईंचा काटा पंधरा-पंधरा दिवस हलायचा नाही. तेव्हा त्या गप्प घरी जायच्या आणि मी काही बोलायचो नाही. माझ्यासारख्या माणसाला हे पाव सोडण्याहून जड गेलं. एकदा मी तोंड उघडलं, तर त्यांनी नुसतं बोट वर केलं.

सर्जन आला त्या दिवशी आम्ही तिघंही इस्पितळात गेलो. आदल्याच संध्याकाळी दुकानदारानं आम्हा दोघांना मोजलं होतं. मी एकोणनव्वद. बाईंचा आकडा त्यानं पहिल्यांदाच हळू सांगितला, त्यांच्या कानात.

नर्सनं बाईंना काट्यावर घेतलं. "एकोणऐंशी पूर्णांक दोन."

हिनं माझा दंड घट्ट धरला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली उतरल्या, काट्याकडे संशयानं पाहत राहिल्या. इतक्या बेतानं आलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि तो विश्वास कुणी घालवला होता हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. सर्जन पेन काढून थांबला होता.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तुम्ही चढा."

"मी?"

"तुमचं काल एकोणनव्वद होतं. चढा."

नर्स म्हणाली, "अहो, यांचं ऑपरेशन नाहीये."

"नाहीच. पण यांचं वजन मला माहीत आहे."

मी जोडे काढले, किल्ल्या काढून हिच्या हातात दिल्या आणि काट्यावर चढलो. आयुष्यात मी सिंहासनावर चढलो, फासावर चढलो, एकदा तर लाकडी घोड्यावर चढताना आपटलोही. पण इतकं काळीज कधी धडधडलं नव्हतं. बाईंनी पुढे वाकून आकडा स्वतः वाचला.

"एकोणनव्वद," त्या म्हणाल्या. मग सर्जनकडे वळल्या. "काटा बरोबर आहे. कुठे सही करू?"