टॅबनं भागलं नसतं

टॅब घ्यायचा की लॅपटॉप, यावरून मी घरादाराचं डोकं उठवलं होतं. भाकऱ्या थापताना टॅब ठरायचा, भांडी आवरेपर्यंत लॅपटॉप. दुकानात जायचं, सगळं हाताळायचं आणि हात हलवत परत यायचं. जिवाला म्हणून चैन नव्हती. नवरा म्हणायचा, टॅब हलका, स्वस्त, तुझा अकाउंटिंगचा कोर्स त्यावर मजेत होईल. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर मी जास्तच चिडायचे.

मला तो कोर्स पुरा करून नोकरी धरायची होती. लग्नाआधी माले या माहेरच्या गावाहून एसटीनं ये-जा करून बी.कॉम. झाले, आणि इथं महाळुंग्यात येऊन ते सगळं चुलीत गेलं. मोबाइलवर कोर्स सुरू केला, तर धडा लागला रे लागला की कुणाची तरी हाक. सासऱ्यांना चहा, दिराला डबा, दारात दूधवाला. बाईच्या हातात फोन म्हणजे बाई रिकामीच की. टॅब म्हणजे तरी काय, मोठा फोनच. माझं घोडं तिथंच अडलं होतं.

आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू मुली, आयटीतल्या. त्या गॅलरीत लॅपटॉप उघडून बसल्या, की आमचे सासरे चपला हातात घेऊन जिना उतरायचे. पोरींचं काम चाललंय म्हणे. त्या सिनेमा बघत असल्या तरी. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी सासूबाईंनीच निकाल लावला. त्यांना मी आत्या म्हणते. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "त्यो झाकनवालाच आन. त्यो उघडला की हितली मानसं गप बसत्यात."

आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाणावर मांडी घालून उघडला. सासरे चहा सांगायला आले, बघितलं आणि आल्या पावली मागं फिरले. स्वयंपाकघरात पातेलं वाजलं. अगं बाई, मला हसू आवरेना, धडा कुठला डोक्यात शिरतोय.

तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. स्क्रीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "मी बसू का हितं जरा? तुझ्यासंगं बसल्याली दिसले, की मलाबी कुनी हाक मारनार न्हाई."

मी सरकून जागा केली. आतून सासऱ्यांनी विचारलं, साखर कुटं हाय. आम्ही दोघींनी ऐकलं, आणि कुणीच उठलं नाही.